विडाल पॉझिटिव्ह आली म्हणजे टायफॉइड झालाच असं नसतं

पावसाळा लागला की लॅबमध्ये विडालवाल्यांची, म्हणजे टायफॉइडसाठी रक्ताची विडाल टेस्ट करून घेणाऱ्यांची, गर्दी सुरू. दोन दिवस ताप, अंग मोडून आलंय, तोंडाला चव नाही, की लगेच "टायफॉइडची करून टाका ना". संध्याकाळी रिपोर्टवर ओ १:१६० दिसलं की घरात सगळ्यांना फोन जातात, टायफॉइड निघाला म्हणून. मी रोज ही टेस्ट हाताने करते आणि खरं सांगते, ह्या एका रिपोर्टवर लोक जेवढी अँटिबायोटिक्स खातात ते बघून जीव तुटतो.

टेस्ट कशी होते बघा. स्लाइडवर गोल असतात, एका गोलात पेशंटच्या सीरमचा (रक्त गोठल्यावर वर राहणारं पिवळसर पाणी) थेंब आणि निळा ओ अँटिजेन, शेजारी परत सीरम आणि लाल एच (ओ आणि एच म्हणजे टायफॉइडच्या जंतूचेच दोन भाग), काडीने मिसळायचं, एक मिनिट स्लाइड गोल गोल हलवायची आणि कण जमून गुठळ्या दिसतायत का ते डोळ्यांनी बघायचं. मिनिटाच्या वर वेळ गेला तर थेंब कडेने सुकायला लागतो आणि नसलेल्या गुठळ्यापण दिसतात, म्हणजे बघणाऱ्याच्या नजरेवर बरंच आहे. १:१६० म्हणजे सीरम १६० पट पातळ केलं तरी गुठळी होतेय, एवढंच. ह्या आकड्यालाच टायटर म्हणतात.

आणि ह्यात टायफॉइडचा जंतू कुठे दिसतच नाही! दिसतात त्या अँटिबॉडीज, म्हणजे जंतूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं. त्या आत्ताच्या टायफॉइडच्या असतील, जुन्या असतील, साल्मोनेलाच्या (टायफॉइडच्या जंतूचं कूळ) दुसऱ्या भावंडांच्या असतील, मलेरियातसुद्धा कधी कधी पॉझिटिव्ह येते. फर्नांड विडाल यांनी १८९६ मध्ये पॅरिसला ही पद्धत मांडली, पण आपल्याकडे टायफॉइड कायमच फिरत असतो त्यामुळे धडधाकट माणसातपण थोडाफार टायटर सापडतो. उलट खरा टायफॉइड असेल तर पहिल्या आठवड्यात अँटिबॉडीज पुरेशा तयार झालेल्या नसतात, मग टेस्ट निगेटिव्ह. म्हणजे दुसऱ्या दिवशी विडाल करून हो पण कळत नाही आणि नाही पण कळत नाही. नीट करायची तर १०-१४ दिवसांच्या अंतराने दोन सॅम्पल, आणि टायटर चौपट वाढला, समजा ८० चा ३२० झाला, तरच त्याला अर्थ. दुसऱ्या सॅम्पलला कोण येतंय, तोवर ताप गेलेला असतो.

सगळ्यात वाईट वाटतं ते ताप गेल्यावर "टायफॉइड गेला का बघायला" परत विडाल करतात त्याचं. परवा एक ताई मुलीला घेऊन आल्या, मुलगी छान जेवतेय, शाळेत जातेय, ताप नाही, पण विडाल अजून पॉझिटिव्ह म्हणून गोळ्यांचा परत कोर्स चालू केलेला. ताई, अँटिबॉडीज कित्येक महिने रक्तात राहतात, आजार गेला तरी राहतात, हे मी त्यांना सांगितलं आणि गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी परत बोला म्हटलं.

मग करायचं काय तर ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघायचा, आणि तेपण अँटिबायोटिकचा पहिला डोस जायच्या आधी. मोठ्या माणसाचं ८-१० मिली रक्त लागतं, लोक म्हणतात एवढं कशाला, पण टायफॉइडमध्ये रक्तात जंतू फार थोडे असतात, कमी रक्त घेतलं तर हाती काहीच लागत नाही. कल्चरपण शंभर टक्के नाही हं, टायफॉइड असलेल्या १० जणांत साधारण ४ जणांचं निगेटिव्ह येतं, गोळ्या आधी सुरू झाल्या असतील तर अजून जास्त. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, कधी पाच, आणि घरच्यांना तेवढा धीर नसतो हे मला समजतं. तोवर सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) बघा, टायफॉइडमध्ये पांढऱ्या पेशी सहसा वाढत नाहीत आणि त्यातल्याच इओसिनोफिल नावाच्या पेशी बरेचदा शून्यावर असतात, ह्याने डॉक्टरांना अंदाज येतो. पावसाळ्यात डेंग्यू आणि मलेरियाची टेस्ट सोबत केलेली बरी.

कल्चरमध्ये जंतू उगवला की खाली सेन्सिटिव्हिटीचा तक्ता येतो, कुठलं औषध चालेल, कुठलं नाही. आपल्याकडच्या टायफॉइडच्या जंतूवर सिप्रोफ्लॉक्सासिन आता बहुतेक चालत नाही, विडालवर हे कधीच कळणार नाही. तो कागद टाकू नका, टायफॉइड बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी काही जणांना परत उलटतो, तेव्हा डॉक्टर आधी तोच मागतील.