सुभाषबाबूंचं पुतण्याला पत्र

जयंती आली की सुभाषबाबूंचं एक वाक्य हमखास फॉरवर्ड होतं, की या पेचात माझं आणि आपल्या कार्याचं नेहरूंइतकं नुकसान कुणीच केलं नाही. वाक्य बनावट नाही, खरंच लिहिलंय त्यांनी, एप्रिल १९३९ मध्ये. फक्त ते भाषणातलं नाही, घरच्या पत्रातलं आहे. थोरले भाऊ शरच्चंद्र बोस, त्यांचा मुलगा अमियनाथ तेव्हा इंग्लंडमध्ये शिकत होता, त्याला लिहिलेलं.

आता त्या वेळी काय चाललं होतं बघा. २९ जानेवारीला गांधीजींचा पाठिंबा असलेल्या पट्टाभि सीतारामय्यांना हरवून सुभाषबाबू दुसऱ्यांदा काँग्रेसचे अध्यक्ष झाले, गांधीजी म्हणाले हा पट्टाभींपेक्षा माझा पराभव, मग फेब्रुवारीत कार्यकारिणीतल्या १२ जणांनी राजीनामे टाकले. नेहरूंनी त्यांच्यासोबत सही केली नाही, वेगळं निवेदन काढलं, आणि ते असं काही गोलमोल की गडी नक्की कुणीकडे तेच कळेना! मार्चमध्ये जबलपूरजवळ त्रिपुरीला अधिवेशन झालं, अध्यक्ष तापाने फणफणलेले, स्ट्रेचरवरून आणलेले. आणि तिथेच गोविंद वल्लभ पंतांचा ठराव पास झाला, की कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेप्रमाणेच नेमायची. म्हणजे निवडून आलेल्या अध्यक्षाचे हातच बांधले की.

नंतर सुभाषबाबू धनबादजवळ विश्रांतीला गेले, तिथूनच हे पत्र. त्यात ते पुतण्याला हिशोब सांगतात, की नेहरू आपल्या बाजूने असते तर बहुमत आपलं होतं, अहो नुसते तटस्थ राहिले असते तरी बहुधा होतं. त्या १२ जणांपेक्षाही नेहरूंच्या उघड प्रचाराने जास्त घात केला म्हणतात. मला तर हे राजकीय विश्लेषण कमी आणि दुखावलेल्या माणसाचं मन मोकळं करणं जास्त वाटतं. पटेल विरोधात जाणार हे त्यांना आधीच माहीत होतं, त्याचं काय वाईट वाटायचं. नेहरू म्हणजे डाव्या विचारांचे, आपल्यातलेच.

आणि हे काही पाठीमागे केलेली चहाडी नव्हे. मार्चअखेरीस त्यांनी खुद्द नेहरूंना टाइप केलेलं २७ पानी पत्र धाडलं होतं, त्यात याहून कडक भाषेत सगळं सुनावलंय. नेहरूंनीही ३ एप्रिलला सविस्तर उत्तर दिलं, स्पष्ट बोलणं लागतं पण एकत्र काम करायचं तर ते हवंच अशा अर्थाचं. तोंडावर २७ पानं बोलून झाल्यावर पुतण्याला लिहिलेल्या एका वाक्याचं ‘गुपित उघड’ म्हणून काय मिरवायचं, मला कळत नाही.

बरं, तो बहुमताचा हिशोब तरी पूर्ण होता का? माझ्या मते नाही. त्रिपुरीच्या खुल्या अधिवेशनात पंत ठरावावर काँग्रेस समाजवादी पक्ष, म्हणजे काँग्रेसमधलाच डावा गट, तटस्थ राहिला, जयप्रकाश नारायण वगैरे मंडळी, ज्यांच्या पाठिंब्यावर सुभाषबाबू जानेवारीत निवडून आले होते तीच. मतांच्या गणितात हा फटका लहान नव्हता. तरी फॉरवर्डमध्ये समाजवाद्यांचं नाव कधी येत नाही, कारण त्यांच्यावर आज कुणाला भांडायचंच नाहीये.