तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या फ्रिजात काळी बाटली का नाही

‘कामून हो काका, थंडा ठेवत नाहीत का?’

जिंतूरच्या स्टँडवर एसटीतून उतरलेला माणूस एप्रिलच्या दुपारी घाम पुसत दुकानाशी येतो, फ्रिजात डोकावतो आणि हेच विचारतो. फ्रिजात थंडाच असतो. वर जिरा सोडा, मधे लिंबू, खाली गोळीच्या बाटल्या. त्याला हवी असते ती जाहिरातीतली काळी. मग दुसरा ठरलेला प्रश्न: ‘स्वदेशीवाले आहात काय?’

नाही हो. मोबाईल चीनचाच वापरतो. आणि थंड्याच्या बाबतीत स्वदेशी कोणतं ते ठरवायला बसलो तर दुकान उघडायची वेळ निघून जाईल. १९७७ साली कोकाकोला देशातून गेला. परकीय भांडवल ४० टक्क्यांवर आणा, असा कायदा होता आणि कंपनीला ते मान्य नव्हतं. मी तेव्हा सातवीत. आमच्या गावात तो आला कधी न् गेला कधी, कुणाला पत्ताही नव्हता. त्याच साली पार्लेनं थम्सअप काढलं. सरकारनंही ‘७७’ नावाचा कोला काढून पाहिला, तो काही चालला नाही. पुढं १९९३ ला कोकाकोला परत आला आणि त्यानं थम्सअप, लिम्का, गोल्डस्पॉट, सगळंच पार्लेकडून विकत घेतलं. तरी आजही गिऱ्हाईक मला समजावतं, ‘काका, थम्सअप तर आपलंच आहे!’ अलीकडं कॅम्पा परत आलाय, दहा रुपयांत. तो देशी खरा, पण रिलायन्सचा. माझ्या दुकानाला दोघंही सारखेच लांबचे.

खरं कारण फ्रिज आहे.

काही वर्षांमागं एका कंपनीनं मला फ्रिज दिला होता. नाव नको. काचेचं दार, आत दिवा, रात्री लांबून दुकान दिसायचं. अट एकच: आत दुसऱ्या कुणाची बाटली ठेवायची नाही. लाइटबिल मात्र माझं. एकदा मी खालच्या कप्प्यात दुधाच्या चार पिशव्या ठेवल्या, तर कंपनीच्या पोरानं फोटो काढून वर पाठवला. पुढच्या आठवड्यात टेम्पो आला आणि फ्रिज घेऊन गेला. दूध नासलं ते वेगळंच. मग मी जुना फ्रिज घेतला. दार नीट लागत नाही, दोरीनं बांधावं लागतं, पण आत काय ठेवायचं ते मी ठरवतो.

आमचा माल देतो तो सोडेवाला चाचा. दोन गल्ल्या सोडून त्याची फॅक्टरी आहे. फॅक्टरी म्हणजे एक पत्र्याची खोली, गॅसचं सिलिंडर आणि वडिलांच्या वेळचं मशीन. गोळीची बाटली भरताना एकदा बघाच. बाटली उलटी धरून भरतात. गॅसचा दाब चढला की आतली काचेची गोळी गळ्यातल्या रबरी वायसरवर घट्ट जाऊन बसते, तेच बूच. अंगठ्यानं दाबली की ‘फट्’. गळ्याला दोन खोबण्या असतात, पिताना गोळी तिथं अडवायची. हे न कळणारा माणूस बाटली तोंडाला लावून नुसताच वर बघत राहतो. तो बाहेरगावचा, हे ओळखायला दुसरं काही लागत नाही.

चाचाच्या दहाच्या बाटलीत मला जेवढे सुटतात, तेवढेच कंपनीच्या विसाच्या बाटलीत सुटायचे. शिवाय चाचाशी भांडता येतं. गॅस कमी आहे म्हटलं की तो म्हणतो, ‘गॅस बराबर है भाई, तुम्हारा फ्रिजच थंडा नै।’ पण दुसऱ्या दिवशी कॅरेट बदलून देतो. लग्नसराईत आगाऊ मागत नाही, जेवणावळी उठल्यावर हिशोब. कंपनीच्या पोराशी असं भांडायला गेलो तर तो एक नंबर द्यायचा आणि त्या नंबरवर गाणं वाजायचं.

आता चाचाचं सगळंच गोड मानू नका. त्याच्या लिंबात लिंबू किती असतं ते मलाही ठाऊक आहे. साखर इकडं तिकडं सारखीच. आणि पाणी त्यालाही जमिनीतूनच लागतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं आणि औरंगाबाद खंडपीठानं दारूच्या कारखान्यांचं पाणी ६० टक्के तोडायला लावलं, तेव्हा चाचाचंही बोअर आटलं. दीड महिना मशीन बंद होतं. पण तेव्हा त्याला जाब विचारायला कुणाला कोर्टात जावं लागलं नाही, तो इथंच माझ्या पायरीवर बसून होता.

चाचाची एकच कटकट आहे, बाटल्या परत मोजून घेतो. गोळीची नवी बाटली सहजी मिळत नाही म्हणतो. गेल्या शनिवारी चोविसातल्या तीन कमी भरल्या. मागच्या बोळीत बघितलं, तर लेकरं गोट्या खेळत बसलेली. तीन गोट्या बाकीच्यांहून जरा मोठ्या, हिरवट होत्या. मी परत आलो आणि तीन बाटल्यांचे पैसे चाचाच्या हातावर ठेवले.