जुन्या जिनातल्या विटा

आज बैलांसाठी ढेप आणायला तालुक्याला गेलो अन् ऊन टाळायला जुन्या जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात शिरलो. पंधरा-वीस वर्षं रोज बाजूनं जातो, पण आत आज पहिल्यांदाच.

खिडकीच्या कमानीतली एकेक वीट पाचरीसारखी घासून बसवलेली. सांध्यात चुना. तो ओल घेतो, सोडतो, म्हणून भिंत कोरडी राहते. शेजारी कुणीतरी सिमेंटचा गिलावा मारला आहे, तिथं आतल्या आत विटांची भुकटी झाली आहे. (दुरुस्ती म्हणतात याला!)

1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापड गिरण्या वऱ्हाडाकडे वळल्या. 1870 मध्ये खामगावला रेल्वे आली. पुढं गावोगावी जिन आणि कापसाच्या गाठी बांधायचे प्रेस उभे राहिले. आपल्या बापजाद्यांच्या कापसाचा भाव ज्या दारात ठरला, ती ही दारं.

राखणदार काकाजी म्हणाले, "पाडतेत म्हने आता. गाळे काढतेत."

"अन् विटा?"

"विकतेत नं बाप्पा. अशी वीट कुठं भेटते आता!"

निघताना पाहिलं, छताच्या लाकडी कैचीत अजून रुईचा पुंजका अडकलेला आहे. फोटो काढला, पण अंधारात नीट आला नाही. कुणाकडे चांगला कॅमेरा असेल तर रविवारी चला.