डबा कोणता, हे विचारू नका

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर पोळ्यांवर बोलायचा माझा काय अधिकार! मी एसटीत कंडक्टर होतो, ३१ वर्षं, बहुतेक सगळी यवतमाळ जिल्ह्यातच. पण लग्नात म्हणा, तेरवीत म्हणा, चार ओळखीचे जमले की हा प्रश्न येतोच. "भाऊ, आमच्या पोळ्या दुसऱ्या दिवशी चामडं होतात. तुमच्या डब्यातल्या कशा मऊ राहत होत्या? डबा कोणता होता?"

डबा तीन पुडांचा, स्टीलचा, एका अंगानं चेपलेला. त्यात काही नव्हतं.

माझी ड्यूटी बहुधा मुक्कामी गाडीवर. संध्याकाळी पाचला दारव्ह्याहून निघायचं, साडेआठला शेवटच्या खेड्यात पोचायचं, गाडीत नाहीतर समाजमंदिराच्या ओट्यावर झोपायचं आणि सकाळी सहाला शाळेची पोरं नि दुधाच्या कॅन घेऊन परत. बायको दुपारी तीनला पोळ्या करायची. दोन रात्रीच्या, दोन दुसऱ्या दिवशी नऊच्या. म्हणजे पोळीला अठरा तास काढायचे होते.

पहिल्याच उन्हाळ्यात मी माती खाल्ली. उशीर झाला म्हणून तव्यावरच्या वाफाळत्या पोळ्या तशाच डब्यात कोंबल्या नि झाकण दाबलं. मे महिना, आमच्याकडे पारा ४४ च्या वर. रात्री खालच्या दोन पोळ्या भिजल्या धुडक्यासारख्या झाल्या होत्या, सकाळी त्यांना आंबूस वास. तोडली तर तार सुटली. तेव्हा वाटलं पीठच खराब. खरं कारण वेगळं. पिठात काही जिवाणूंची बीजं असतात, ती तव्याच्या आचेलाही मरत नाहीत आणि ओल नि ऊब मिळाली की बारा तासांत पोळीची वाट लावतात. अशी पोळी जनावरालाही घालू नये. गाडीत समोरच्या सीटवर एक म्हातारी माय बसली होती, मांडीवर शिदोरीचं गाठोडं. तिनं डब्यात डोकावून पाहिलं नि म्हणाली, "बाप्पा, वाफ कोंडली तं पोळी रडते. थंडी काऊन नाही होऊ दिली?"

पण थंडी होऊ देणं म्हणजे ताटात पसरून ठेवणं नव्हे. आमच्या उन्हाळी वाऱ्यात दहा मिनिटांत पोळीचा पापड होतो. बायको टोपलं पालथं घालायची, त्यावर सुती फडकं, आणि पोळ्या एकावर एक. दर दोन पोळ्यांनी चवड उलटी करायची. वाफ बाजूनं निघून जाते, मऊपणा आत राहतो. हाताला कोमट लागली की फडक्यात गुंडाळून डब्यात. श्रावणात हवा दमट, तेव्हा थोडी जास्त निवू द्यायची, नाहीतर बुरशी. हे घड्याळ पाहून जमत नाही, हातानंच कळतं.

पण यानं पोळी टिकते, मऊ राहतेच असं नाही. तिचा मऊपणा परातीत ठरतो. मी एकदा बायकोला म्हटलं, पुण्याहून चांगला डबा मागवू. ती म्हणाली, "डब्ब्यात काय हाय? कणकीत हाय सारं."

प्रवासाच्या पोळीची कणीक रोजच्यापेक्षा सैल हवी, हाताला जराशी चिकटेल इतकी. गहू लोकवन, दळण गावातल्या चक्कीचं. चक्कीच्या दगडांखाली पिठातला स्टार्चचा कण थोडा फुटतो, म्हणून ते पीठ पाणी जास्त पितं. अर्धं पाणी, अर्धं कोमट दूध, दर वाटी पिठाला चमचाभर तेल. मग ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवायचं. हा अर्धा तास बहुतेक घरांत खाल्ला जातो आणि दोष डब्याला लागतो. लाटताना घडीची पोळी, आत तेलाचं बोट. फुलका प्रवासाला नको, विस्तवावर फुगताना त्यातलं पाणी निघून जातं. आणि तवा चांगला तापलेला हवा. मंद आचेवर बराच वेळ ठेवली की पोळी भाजत नाही, वाळते.

लोकांना वाटतं पोळी वाऱ्यानं कडक होते. अर्धं खरं. घट्ट झाकणाच्या डब्यातही ती कडक होतेच. भाजताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि निवल्यावर पुन्हा आपली घट्ट रचना बांधू लागतो. तेल नि दूध हे काम लांबवतात, थांबवत नाहीत. सगळ्यात झपाट्यानं हे होतं ते चार अंशांच्या आसपास, म्हणजे फ्रिजमध्ये. बर्फ करून ठेवली तर मात्र थांबतं. आणि पुन्हा साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवली की ती रचना सुटते, पोळी परत मऊ होते. पण तेवढ्यापुरतीच, लगेच खायची.

हे शास्त्र मला फार उशिरा कळलं. आमच्या ड्रायव्हरांना आधीपासून ठाऊक होतं म्हणायचं. जुन्या गाड्यांत ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनाचं बॉनेट असायचं, वर जाड रेक्झिन. जेवायच्या अर्धा तास आधी डबा त्यावर ठेवायचा. सकाळी नऊला दिग्रसच्या स्टँडवर डबा उघडला की पोळी नुकतीच केल्यासारखी. तर माझ्या मऊ पोळीतला निम्मा वाटा लेलँडच्या इंजिनाचा आहे, हे कबूल करतो. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली, आणि २०२२ मध्ये त्याच तारखेला त्याच रस्त्यावर विजेवरची शिवाई. तिच्यात डबा कुठं ठेवावा, हे मला अजून उमगलं नाही.

दोन-तीन दिवसांचा प्रवास असेल, तर पोळीचा हट्ट सोडा नि दशम्या करा. पाण्याचा थेंब नाही, निव्वळ दुधात भिजवलेली कणीक, हवं तर गूळ विरघळवून. सोबत जवसाची चटणी. आलूचे पराठे उन्हाळ्यात दुपारपर्यंत संपवा, पुढं नेऊ नका.

आणि भाकर. भाकर मऊ कशी ठेवायची, हे विचारूच नका. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतो. उकळत्या पाण्यात पीठ भिजवलं तर ती थापायला नीट येते, संध्याकाळपर्यंत वाकते, बस. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया तिला मऊ ठेवायच्या भानगडीत पडत नाहीत. पातळ थापायची, कडक होऊ द्यायची. अशी भाकर चार दिवस राहते. पातळ वरणात नाहीतर ताकात कुस्करली की झालं जेवण. मला तर दुसऱ्या दिवशीचीच आवडते. आता वावरात सोयाबीन नि कपाशीच, ज्वारी पाहायची तर किराणा दुकानात जावं लागतं, ती गोष्ट निराळी.

गुंडाळायला जुनं, धुतलेलं सुती फडकं. पळसाची पानं मिळाली तर आणखी चांगलं. पेपरात नको. शाई अन्नाला लागते, म्हणून २०१८ च्या नियमांनी छापील कागदात अन्न बांधायला बंदीच केली आहे. फॉइल चालते, पण तिच्यात लोणचं ठेवू नका. आंबट-खारट तिला भोकं पाडतं.

मागच्या महिन्यात भाचा पुण्याला शिकायला गेला. बायकोनं वीस पोळ्या बांधून दिल्या. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन, "मामाजी, पोळ्या पुठ्ठा झाल्या."

"कुठं ठेवल्या होत्या?"

"फ्रिजमध्ये. खराब होऊ नये म्हणून."

"वास येते का? तार सुटते का?"

"नाही."

"मग रूमवर भात कोण लावते?"

"मीच."

"भाताच्या गंजावर ताटली झाक, तिच्यात पोळ्या ठेव, वर दुसरी ताटली. भात होईपर्यंत हात लावू नको."

अर्ध्या तासानं पुन्हा फोन आला. म्हणाला, "मामाजी, आणखी वीस पाठवा."