व्हिस्कीतलं केळं

परवा पुण्याहून जावयांचा फोन आला. त्यांच्या वडिलांची एकसष्टी आहे, त्यांना व्हिस्कीची एक चांगली बाटली द्यायची होती. "बाबा, समीक्षकानं हिला 94 मार्क दिलेत. घेऊन टाकू?" मी म्हटलं, "मार्क राहू द्या. खाली त्यानं वास-चवीचं काय वर्णन लिहिलंय तेवढं वाचून दाखवा." त्यांनी वाचलं : आयोडीन, समुद्री शेवाळ, विझलेली शेकोटी, लिंबाची साल. मी म्हटलं, "नका घेऊ. तुमच्या वडिलांना उदबत्तीचा धूरसुद्धा सोसत नाही." मग त्यांनी दुसरी घेतली, 86 मार्कांची. तिच्याखाली व्हॅनिला, खोबरं आणि मध लिहिलं होतं. ती वडिलांना आवडली.

इंदूरला सियागंजात एका इसेन्सच्या दुकानात मी 31 वर्षं नोकरी केली. गोळ्या-बिस्किटवाले, आइस्क्रीमवाले, सुपारीवाले सगळे आमचे गिऱ्हाईक. कागदाची पट्टी बाटलीत बुडवायची, दोनदा हवेत हलवायची आणि नाकाखाली धरायची, हे दिवसातून पन्नास वेळा. त्यामुळे पहिल्यांदा कुणीतरी एका स्कॉचचं वर्णन वाचून दाखवलं आणि त्यातल्या 'पिकलेलं केळं' या शब्दांवर सगळे हसले, तेव्हा मी ग्लास उचलून हुंगला. केळं होतं. अगदी आमच्या तिसऱ्या फळीवरच्या बाटलीतलं. त्या इसेन्सचा जीव म्हणजे आयसोअमाइल ॲसिटेट, आणि जव आंबवताना यीस्ट नेमकं तेच तयार करतं. केळं कुणी घालत नाही, तरी वास खरा असतो.

म्हणून चाखणाऱ्यांच्या वर्णनांना 'नुसत्या कविता' म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. व्हिस्की ओकच्या पिंपात मुरते, व्हॅनिलाचा वास त्या लाकडातून येतो. खोबऱ्याचाही तिथूनच; अमेरिकन ओकमध्ये तो जास्त, म्हणून बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या जुन्या पिंपात मुरलेल्या माल्टमध्ये, म्हणजे मोड आणलेल्या जवाच्या व्हिस्कीत, तो हमखास सापडतो. त्याच लाकडातून थोडं युजेनॉल उतरतं, म्हणजे लवंगेतलं मुख्य द्रव्य. ज्यानं आमच्या इंदूरची लौंग सेव खाल्ली आहे त्याला ते वेगळं शिकवावं लागत नाही. आणि आयोडीन, हॉस्पिटल, डांबर असलं काही लिहिलं असेल, तर मोड आणलेले जव पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, धुरावर वाळवलेत असं समजायचं. त्या धुरातले फिनॉल आणि क्रेसॉल हे जुन्या कार्बोलिक साबणाचे सख्खे भाऊ आहेत.

आता मार्क. जिम मरे हे नावाजलेले समीक्षक वास, चव, शेवटी रेंगाळणारी चव आणि तोल यांना 25-25 गुण देऊन शंभरची बेरीज करतात. आपल्या बंगळूरच्या अमृत फ्यूजन या व्हिस्कीला त्यांनी आपल्या 'व्हिस्की बायबल' या पुस्तकाच्या 2010 च्या आवृत्तीत 97 गुण देऊन जगात तिसरी ठरवलं, तेव्हा मला मनापासून अभिमान वाटला. भारतातल्या माल्टकडे जग वळून पाहू लागलं त्यात त्या आकड्याचा मोठा वाटा आहे, हे मी मानतो. पण फ्यूजनमधले साधारण चौथा हिस्सा जव स्कॉटलंडचे, धुरावर वाळवलेले असतात. 97 या आकड्यात तो धूर कुठे दिसतो? माझ्या व्याह्यांना तीच गोष्ट सगळ्यात आधी कळायला हवी. शिवाय बहुतेक समीक्षकांचे गुण ऐंशी ते पंचाण्णवच्या मध्येच घुटमळतात, त्यात दोन गुणांच्या फरकाला मी काहीच किंमत देत नाही.

दोन वर्षांपूर्वी राजेंद्रनगरला आमच्या गच्चीवर आम्ही चौघांनी तीन व्हिस्क्या नाव न बघता चाखल्या. बायकोनं ग्लासांना चिठ्ठ्या लावल्या होत्या. सर्वात गडद रंगाच्या ग्लासात तिघांना मनुका आणि खजूर सापडले. पुढच्या शनिवारी त्याच तीन बाटल्या, फक्त ग्लासांना वर्तमानपत्र गुंडाळलेलं. तिघांपैकी दोघांच्या कागदावरचे मनुके गायब! स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरॅमल घालायला कायद्यानं परवानगी आहे, म्हणजे रंग पाहून ती कुठल्या पिंपात मुरली याचा अंदाज बांधता येत नाही. 2001 साली बोर्दोमध्ये वाइन शिकणाऱ्या 54 विद्यार्थ्यांचा प्रयोग छापून आला. पांढऱ्या वाइनला लाल रंग दिला, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. तेव्हापासून नाव झाकून चाखणाऱ्या समीक्षकाचं वर्णन मी जास्त विश्वासानं वाचतो.

आणखी एक. समीक्षक छोट्या, तोंडाशी निमुळत्या ग्लासात, बर्फाशिवाय, फार तर थोडं पाणी घालून हुंगतो. आपण बर्फ आणि सोडा घालतो, शेजारी तिखट सेवेची वाटी असते. थंडीनं वास दबतो, मग 'लिहिलेलं काहीच लागत नाही' असं म्हणायचं. हा समीक्षकावर अन्याय आहे. पहिले दोन घोट तरी त्याच्यासारखे घेऊन पाहा.

मी एकच समीक्षक धरून ठेवलाय. त्याला धूर फार प्रिय, मला बेताचा. त्यानं 'सौम्य, जरा मिळमिळीत' लिहिलं की ती माझ्यासाठी असते, हे आठ-दहा बाटल्यांनंतर कळलं. वहीत डावीकडे त्याचा शब्द लिहितो, उजवीकडे माझा. त्याचा 'ख्रिसमस केक' म्हणजे माझ्याकडे गूळ घालून शिजवलेला खजूर. त्याची 'शेकोटी' म्हणजे थंडीत सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडूचा कंद तळताना येतो तो नव्हे, कोळशावरच्या कणसाचा वास. हे ठरवायला मला दोन हिवाळे लागले.

एका शब्दासमोरची जागा मात्र अजून कोरी आहे : गूजबेरी. इथे त्या नावानं कुणी आवळा दाखवतं, कुणी रसभरी, आणि युरोपातलं ते फळ दोन्हींपेक्षा निराळं. लेकीची मैत्रीण एडिनबरोला असते. उन्हाळ्यात येताना तिथल्या जॅमची एक बाटली आण, असं तिला सांगून ठेवलंय.