खंडी कशाची?

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा. जळगाव.

पंखा नुसती गरम हवा फिरवतोय, पण आज झोप येणार नाही. जिनिंगमधल्या गाठींच्या नोंदींसाठी बाबांना टर्मिनलवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या खिडकीत, चालणारा छोटा प्रोग्राम मी गो भाषेत लिहून दिला होता. माझ्या संगणकावर, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर, तो छान चालतो. आज पुण्याहून भाऊ आला. त्याच्या मॅकवर लावला, तर खिडकीची रुंदी विचारतानाच अडला: एरर २५. म्हणजे कर्नलला, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, माझा प्रश्नच ओळखता आला नाही.

रुंदी विचारायची म्हणजे कर्नलला एक ठरलेला आकडा द्यायचा. माझ्या लिनक्सवर तो हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या मोजणीत, ५४१३, आणि मी तोच हाताने लिहून ठेवला होता. मॅकची मुळं बीएसडी या युनिक्सच्या जुन्या शाखेत, तिथे ४००८७४६८. हा लांबलचक आकडा उलगडून बघताना फार आनंद झाला. सुरुवातीचा ४ सांगतो की माहिती कर्नलकडून आपल्याकडे येणार, ८ म्हणजे आठ बाइट, ७४ म्हणजे इंग्रजी लहान 'टी' आणि ६८ हा प्रश्नाचा क्रमांक. लिनक्सच्या ५४ मध्येही 'टी'च आहे, फक्त मोठा.

आकडा बदलला, प्रोग्राम सुरू झाला. मग खरा घोळ. टाइप केलेलं पडद्यावर उमटत नव्हतं, तसंच हवं होतं. पण एंटर दाबल्याशिवाय एकही कळ पोचेना. दोन तास त्यात गेले. एको, म्हणजे टाइप केलेलं पडद्यावर उमटणं, बंद करायचा बिट (सेटिंगमधली चालू-बंदची खूण) दोन्हीकडे ८ आहे, म्हणून ते जमलं. ओळ पूर्ण होईपर्यंत थांबवणारा बिट मात्र लिनक्सवर २, मॅकवर हेक्स १००. मॅकवर २ चा अर्थ वेगळाच: बॅकस्पेसने अक्षर पडद्यावरून पुसणं. मी तेच बंद करत होते. कुठे एरर नाही, काही नाही. अशी चूक मला सगळ्यात जास्त भीतीदायक वाटते.

जेवताना बाबांना सांगितलं. ते भाकरी मोडता मोडता म्हणाले, "अगं, खंडी म्हटलं की आधी विचारायचं, कशाची?" रुईची खंडी ३५६ किलोची, धान्याची वीस मणांची. पोझिक्स या युनिक्सच्या प्रमाणकानेही बिटांची नावं ठरवून दिली, आकडे ज्याचे त्याच्यावर सोडले.

आता हाताने लिहिलेले सगळे आकडे काढून टाकलेत. गोच्या युनिक्स पॅकेजमध्ये (तयार कोडच्या संचात) ते सी भाषेच्या हेडरांवरून, म्हणजे व्याख्यांच्या फायलींवरून, काढलेले असतात, प्रत्येक सिस्टिम आणि प्रोसेसरसाठी वेगळी फाइल. प्रोसेसरही बघावा लागतो, कारण पॉवरपीसी या प्रोसेसरवरच्या लिनक्समध्ये रुंदीचा आकडा मॅकसारखाच आहे! माझ्याकडेही आता दोन फायली आहेत, एकीच्या नावाच्या शेवटी लिनक्स, दुसरीच्या डार्विन (मॅकच्या सिस्टिमच्या गाभ्याचं नाव). बिल्डच्या वेळी गो योग्य ती उचलतो.

भाऊ सकाळच्या गाडीने निघेल. त्याआधी बाण-कळा त्याच्या मॅकवर एकदा तपासून घ्यायच्यात.