झादरच्या पायऱ्यांखाली

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी क्रोएशियातल्या झादरच्या जुन्या गावात फिरत होते. गाव चिंचोळ्या भूशिरावर वसलेलं, गल्ल्यांतले दगड पावलांनी झिजून गुळगुळीत झालेले. तिथे प्रत्येक आवाज भिंतींवर आपटून पुन्हा कानावर येतो: बॅगांच्या चाकांची खडखड, काट्याचमच्यांची किणकिण, चर्चची घंटा. 9व्या शतकातलं गोल, संत दोनातचं चर्च मागे टाकून पश्चिमेला गेले. गल्ली संपली आणि आवाज एकदम विरला. समोर नुसता समुद्र.

मग जमिनीतून हुंकार आला.

आधी वाटलं, लांब कुठेतरी बोटीचा भोंगा वाजतोय. पण स्वर पायाखालून येत होता. मोठ्या बाटलीच्या तोंडावर हलकी फुंकर मारावी तसा, आणि त्याला लागूनच दुसरा, जरा वरचा.

हा झादरचा ‘सागरी ऑर्गन’. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत गावाची फार हानी झाली. नंतर किनाऱ्याची घाईने डागडुजी झाली आणि या बाजूला उरली सरळसोट काँक्रीटची भिंत. 2005 मध्ये वास्तुरचनाकार निकोला बाशिच यांनी तिथे पाण्यात उतरणाऱ्या पांढऱ्या दगडी पायऱ्या बांधल्या. साधारण 70 मीटर लांबीच्या या पायऱ्यांखाली 35 नळ्या आहेत. लाट आत शिरली की नळीतली हवा वर ढकलली जाते, शिट्टीच्या फटीतून निघते आणि पायऱ्यांच्या, फरशीच्या भोकांतून स्वर बाहेर पडतो. पायऱ्यांचे सात भाग, प्रत्येकात पाच नळ्या. दाल्मेशियात, म्हणजे या किनारपट्टीच्या प्रदेशात, ‘क्लापा’ नावाचं वाद्याविना सामूहिक गाणं आहे. स्वरांची निवड त्याच्या स्वरमेळावरून केली आहे. त्यामुळे लाटा कशाही आल्या तरी कानाला खटकत नाही.

तासभर मी फक्त माणसं पाहिली. गल्लीतून भराभर येणारे इथे आले की पाऊल आखडतं घेत. बोलणं हळू होई. कुणीतरी कठड्यासारख्या पायरीवर बसे, पाठोपाठ दुसरा, आणि सगळ्यांची तोंडं पाण्याकडे. एक लहान मुलगी भोकाला कान लावून पालथी पडली होती, तिचे वडील शेजारी उकिडवे बसून तिचा निवाडा ऐकत होते. ‘बसा’ असं तिथे कुठेही लिहिलेलं नव्हतं. आवाजाचा उगम दिसत नाही, म्हणून डोळ्यांना काही काम उरत नाही आणि माणूस थांबतो, असं मला वाटतं. सूर्यास्त इथला सुरेखच, पण तो पाहून लोक उठतात. या स्वरांनी त्यांना अंधार पडल्यावरही बसवून ठेवलं होतं.

मीही बसूनच होते. गाणं ऐकायची सवय असलेला कान समेची वाट पाहतो. इथे सम येतच नाही. पहिल्या दहा मिनिटांत त्याने मी अस्वस्थ झाले. नंतर तानपुऱ्यासारखं ते मागे सुरू राहिलं आणि बाकीचे आवाज त्याच्यावर उमटायला लागले. खाडीतल्या नांगरलेल्या होडीतली दोघांची कुजबुज अगदी जवळ ऐकू आली. या दिवसांत पाणी थंड आणि वरची हवा उबदार असते. अशा वेळी वर जाणारा आवाज खाली वळतो आणि पाण्यावरून लांबवर पोहोचतो. एरवी हे वाचलेलं असतं. त्या पायरीवर ते खरोखर ऐकलं.

किनाऱ्याची शहरं आपण नजरेसाठी सजवतो: दिवे, कारंजी, फोटोची जागा. मग तिथेच मोठा लाउडस्पीकर लावतो आणि पाण्याचा आवाज पुसून टाकतो. मला ते फार लागतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गेले. वारा पडला होता, समुद्र तेलासारखा. एड्रियाटिक समुद्रात इथे भरती-ओहोटीचा फरकही थोडाच, त्यामुळे नळ्या जवळजवळ गप्प. भोकाला कान लावला, तर आत झोपलेल्या माणसासारखा संथ श्वास. समोर उग्ल्यान बेटाच्या बाजूने एक मोठी बोट निघून गेली. ती दिसेनाशी झाली, इंजिनही ऐकू येईनासं झालं. मी उठून बॅग खांद्याला लावली, आणि तेव्हा तिच्या लाटा पायऱ्यांपर्यंत पोहोचल्या. डावीकडून एकेक भाग जागा होत गेला.

मी पुन्हा खाली बसले.